माझ्याच जागेची जाहिरात

माझी नोकरी नेमकी काय आहे हे मी तीन बायकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटले. पहिली माझी आई, दुसऱ्या माझ्या सासूबाई आणि तिसरी ती वकीलबाई, जिच्या हातात आमच्या घराचं पुढचं सगळं होतं.

२००५ सालची गोष्ट. आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला राहत होतो. माझी कंपनी एक सॉफ्टवेअर बनवायची, जे वापरून दुसरे प्रोग्रामर आपापले प्रोग्राम लिहायचे. ह्या लोकांना आमचं सॉफ्टवेअर जमावं, आवडावं, अडलं तर कुणीतरी हात द्यावा, हे माझं काम. मी नमुन्याचे प्रोग्राम लिहायचे, इंटरनेटवरच्या आमच्या फोरमवर प्रश्नांना उत्तरं द्यायचे आणि महिन्यातून एका शनिवारी सकाळी सार्वजनिक लायब्ररीतली खोली घेऊन, डोनट आणि कॉफी मांडून, येतील त्यांना शिकवायचे. व्हिजिटिंग कार्डावर 'डेव्हलपर रिलेशन्स' असं छापलेलं होतं.

"म्हणजे तू शिकवतेस," आई पुण्याहून फोनवर म्हणाली.

"तसंच समज."

"मग फी कोण घेतं?"

"फी नसते गं."

"मग कंपनी तुला पगार कशाचा देते?" मी विषय बदलून पुण्यातला पाऊस विचारला. नागपूरच्या सासूबाईंनी मात्र एका वाक्यात निकाल लावला: "गप्पा मारून राहिली अन् पगार मिळून राहिला, बरं आहे बाई."

खरं तर ती नोकरी माझ्यासाठीच बेतली होती. मी जन्माची चौकस. लहानपणी पाहुणे आले की आई मला आधी आतल्या खोलीत पिटाळायची, कारण मी कुणालाही काहीही विचारायचे: तुमचा दात सोन्याचा का, तुमच्या काकू माहेरी का गेल्या. अर्विंगच्या त्या ऑफिसात ह्याच खोडीचं कौतुक व्हायला लागलं. आमच्या फोरमवर ज्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नसेल तो लाल दिसायचा, आणि मॅनेजरचा एकच नियम होता: लाल ठेवून घरी जायचं नाही. मी तो नियम धर्मासारखा पाळला. अर्धवट उत्तर दिसलं की माझा जीव कासावीस व्हायचा, आणि अर्धवट प्रश्न दिसला तर त्याहून जास्त. मग मी त्या माणसाला उलटे प्रश्न विचारत सुटायचे: नक्की काय केलंत, त्याआधी काय केलंत, ही ओळ मध्येच का गाळलीत.

पण नोकरी आवडून भागत नव्हतं. मी २००१ च्या फेब्रुवारीत आले होते आणि माझ्या व्हिसाची मुदत सहा वर्षांची. ग्रीन कार्डाची पहिली पायरी सहावं वर्ष लागायच्या आत चढली, म्हणजे तो अर्ज सरकारच्या लेबर खात्यात दाखल झाला, तरच त्यापुढे राहता येणार. त्या पायरीला आमच्या अपार्टमेंटमधले सगळे नुसतं 'लेबर' म्हणायचे. माझ्यासाठी तारीख होती २००६ चा फेब्रुवारी. ती चुकली की पुढचं वर्ष संपवायचं आणि सामान बांधायचं.

मला त्या कार्डाची घाई माझ्यासाठी नव्हती. माझा नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. नागपूरला पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्याच्या हाताखाली वीस माणसं होती. माझ्या मागे तो इथे आला तो माझ्यावर अवलंबून असलेला म्हणून, आणि अवलंबून असलेल्याला काम करायची परवानगी नाही. कसलीच नाही, पेट्रोल पंपावर गाडी पुसायचीसुद्धा. चार वर्षं तो घरी होता. पोळ्या माझ्यापेक्षा गोल करायला लागला होता. मुलीच्या शाळेच्या लायब्ररीत फुकट पुस्तकं लावायचा, शेजाऱ्यांची कपडे वाळवायची बिघडलेली ड्रायर मशीनं उघडून बसायचा, पाच घरांची पोरं गाडीतून शाळेत सोडायचा. कधी तक्रार केली नाही. पण सकाळी मी डबा घेऊन निघाले की तो बाल्कनीतून माझी गाडी वळेपर्यंत बघत राहायचा, आणि मला कळायचं की तो मला नाही, त्या निघण्याला बघतोय. कार्ड आलं की त्याचा डबा भरायचा, एवढंच मला हवं होतं.

असं कार्ड मिळवून देणारी कंपनी शोधताना मला भलतंच शिक्षण मिळालं. मला आणणाऱ्या कन्सल्टिंग कंपनीने तीन वर्षं 'करू, करू' म्हणत झुलवलं. मग मी मुलाखती द्यायला लागले आणि शेवटी, तुम्हाला काही विचारायचंय का, असं आलं की ग्रीन कार्डाचं विचारायचे. लोकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. प्रोग्रामर असाल तर हो, म्हणायचे, पण ह्या कामासाठी? हे काम काय आहे ते आमच्याच मोठ्या साहेबांना समजत नाही, सरकारला काय दाखवणार? एकाने सरळ सांगितलं की प्रोग्रामर म्हणून या, उद्या कागद सुरू करतो. मी प्रोग्रामर होतेच की. पण दिवसभर कुणाशी न बोलता खुर्चीत बसणं हा माझा पिंड नव्हे. नवरा तेव्हा म्हणाला होता, "तुला आवडते ते शोध न. मी कुठं पळून चाललो?" ह्या कंपनीच्या मॅनेजरने पहिल्याच फटक्यात 'हो' म्हटलं तेव्हा मीच त्याला विचारलं, तुम्हाला नक्की कळलंय ना मी काय मागतेय ते.

त्याने वकीलबाई दिली. तिच्याशी माझं पहिलं बोलणं दीड तास चाललं. तिला माझं काम सरकारच्या यादीतल्या कुठल्यातरी कप्प्यात बसवायचं होतं, आणि मला तो कप्पा कसा असतो, कुणी केला, आत आणखी कोण कोण असतं, हे सगळं जाणून घ्यायचं होतं. शेवटी तिने विचारलं की तुम्ही वकिलीचा अभ्यास तर करत नाही ना.

मग तिने अट समजावली. हे काम करू शकणारा आणि करायला तयार असलेला अमेरिकन माणूस मिळत नाही, हे कंपनीने दाखवायचं. त्यासाठी माझ्या जागेची जाहिरात द्यायची, दोन रविवारी, वर्तमानपत्रात. जागा रिकामी असल्यासारखी. कुणी लायक माणसाने अर्ज केला तर कंपनीने त्यालाच घ्यायला हवं असं नाही, पण माझा कागद तिथेच थांबणार. "आणि तुम्ही ह्यापासून लांब राहायचं," ती म्हणाली. "अर्ज बघायचे नाहीत, अर्जदारांशी त्याबद्दल बोलायचं नाही."

मला फोनवरच हसू फुटलं. तिने कारण विचारलं, मी काही नाही म्हटलं. माझं सगळं काम म्हणजे आमचं सॉफ्टवेअर येणारी माणसं वाढवणं. आणि माझं कार्ड अडलेलं अशा माणसाच्या न मिळण्यावर. मी काम जितकं चांगलं करणार तितकी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार. तेव्हा मला ते नुसतंच गमतीदार वाटलं. ते उलटसुलट चक्र मांडायला तासभर मी कागदावर बाण काढत बसले होते.

जाहिरात ऑगस्टमध्ये आली. आमच्या अपार्टमेंटमध्ये जाहिरातीचा एक रिवाज पडला होता. संध्याकाळी तळ्याकाठी फेऱ्या मारताना लोक 'कशी आहेस'च्या आधी 'लेबर कुठवर आलं' विचारायचे, आणि ज्याची जाहिरात छापून यायची तो ती कापून देवापुढे ठेवायचा. देव म्हणजे किचनच्या कपाटातला एक कप्पा, मसाल्यांच्या वरचा. आपल्या जागेवर कुणी अर्ज करू नये म्हणून देवाला साकडं! खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला बजावलं होतं, "दोन महिने संकष्टी कर, आमच्या मुलाला एकही ॲप्लिकेशन आलं नाही."

रविवारी नवरा सकाळी जाऊन उशीएवढं जाड वर्तमानपत्र घेऊन आला आणि आम्ही दोघं गालिचावर पोटावर पडून शोधायला लागलो.

"सापडली! बॉटम राइट," तो ओरडला. मुलगी धावत आली. ती तेव्हा सहा वर्षांची होती.

"आई, इज दॅट यू?"

सात बारीक ओळी होत्या. पदवी हवी. प्रोग्रामिंगचा तीन वर्षांचा अनुभव हवा. आणि इतर प्रोग्रामरांसाठी मार्गदर्शिका लिहिण्याचा व त्यांना शिकवण्याचा एक वर्षाचा अनुभव हवा. मी त्या ओळी परत परत वाचल्या. 'वधू पाहिजे' वाचावं आणि ती आपणच असावं, असलं काहीतरी विचित्र वाटत होतं. ही बाई जगात कुठेतरी आहे का, असं ती जाहिरात विचारत होती, आणि ती बाई इथे गालिचावर पडून वाचत होती. नवऱ्याने कात्रण सरळ कापलं, दोन्ही हातांनी नेऊन देवापुढे ठेवलं आणि उदबत्ती लावली. मी त्याला हसले. तो हसला नाही.

आता टोपीवाले काका. हे नाव मुलीने ठेवलेलं. शनिवारच्या आमच्या शिकवणीला ते २००४ पासून न चुकता यायचे. वय साठीच्या आतबाहेर, सहा फूट उंच, डोक्यावर नेहमी एक निळी टोपी, जिच्यावर त्यांच्या जुन्या टेलिफोन कंपनीचं चिन्ह होतं. त्या कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजचे प्रोग्राम लिहिले. २००२ मध्ये डॅलसच्या आसपास टेलिफोनवाल्यांचं दिवाळं वाजलं तेव्हा त्यांच्या इमारतीतला अख्खा मजला एका सकाळी घरी गेला. तेव्हापासून त्यांना नोकरी नव्हती. मला ते 'मॅम' म्हणायचे, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असूनही. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत अंगणातल्या झाडाचे पेकान पिशवीभर आणायचे. अक्रोडाचा टेक्सासमधला चुलतभाऊच तो. माझा नवरा त्याची चिक्की करायचा आणि ते ती खाऊन डोळे मिटायचे.

आल्या आल्या त्यांना आमच्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो येत नव्हतं. पण सहा महिन्यांत त्यांनी मला मागे टाकलं. फोरमवर मी सकाळी बसायचे तोवर निम्मे लाल प्रश्न त्यांनी उत्तरं देऊन घालवलेले असायचे. त्यांनी नवशिक्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली, चाळीस पानांची, इतकी स्वच्छ की आम्ही ती फोरमच्या माथ्यावर लावली. शनिवारी मागच्या टेबलाशी बसून नव्या लोकांना तेच शिकवायचे. मी त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला करता. ते म्हणाले, "सकाळी उठून कुठेतरी उपयोगी पडलो की दाढी करावीशी वाटते."

दुसरी जाहिरात आली त्यानंतरच्या शनिवारी शिकवणी संपली आणि लोक पांगले. माझा नवरा मदतीला यायचा, तो आणि मुलगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपबश्या आवरत होते. टोपीवाले काका माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात दोन कागद होते.

"मॅम, तुमच्या कंपनीत जागा निघालीय, पेपरात वाचलं. हुबेहूब तुमच्यासारखंच काम. म्हणजे तुम्ही आणि मी, दोघं!" त्यांचा चेहरा एवढा उजळला होता की मी डोनटचा खोका उगाच उघडून पुन्हा बंद केला. कंपनी माझ्या जोडीला आणखी एक माणूस घेतेय, असा त्यांचा समज होता. दुसरं काय वाटणार?

"मला त्यात भाग घेता येत नाही. नियम आहे," मी म्हणाले.

"नाही नाही, शिफारस नकोच. नुसत्या चुका बघा. सगळ्यांचे प्रोग्राम बघता तसा माझा हा बायोडेटा बघा."

मी तो परत द्यायला हवा होता. वकीलबाईचं वाक्य माझ्या कानात होतं. पण कागद हातात आला आणि मी वाचायला लागले. मला वाचल्याशिवाय राहवत नाही, हे खरं. पदवी, ठीक. सव्वीस वर्षं प्रोग्रामिंग, ठीक. मग २००२, आणि त्याखाली नुसतं पांढरं. जाहिरातीतली तिसरी ओळ, शिकवण्याची आणि लिहिण्याची, ती कुठेच नव्हती. हा कागद असाच गेला तर बाजूला पडणार होता. मला काहीही करायची गरज नव्हती. 'छान आहे' म्हणायचं आणि कागद परत द्यायचा.

मी मान वर केली. दुसऱ्या टोकाला माझा नवरा खुर्च्या एकावर एक रचत होता, मुलीला एकेक आकडा मोजायला लावत.

"ही तीन वर्षं रिकामी का?" मी विचारलं.

"कारण नोकरी नव्हती."

"आणि ती मार्गदर्शिका?"

"ती काही नोकरी नाही, मॅम. माझ्याकडे वेळ होता, एवढंच."

"शनिवारी शिकवता ते?"

त्यांनी खांदे उडवले. मग म्हणाले, "हे लिहितात का?"

"लिहितात," मी म्हणाले. "लिहा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, कसं लिहू. आणि मी सांगितलं. इतर प्रोग्रामरांसाठी मार्गदर्शिका लिहिण्याचा व त्यांना शिकवण्याचा अनुभव, एक वर्षाहून अधिक. शब्द शोधावे लागले नाहीत. पहिली जाहिरात आल्यापासून मसाल्यांच्या वरच्या कप्प्यात रोज सकाळी मी ते वाचत होते.

तीन आठवड्यांनी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं. एक माणूस लायक निघाला होता. त्याला बोलावलं, तासभर बोलले, नाही म्हणायला जागाच सापडली नाही. वकीलबाईने कागद थांबवला. सहा महिन्यांनी पुन्हा सुरुवात करता येईल, ती म्हणाली. पण सहा महिन्यांनी माझी तारीख उलटून गेलेली असणार होती. "गंमत बघ," मॅनेजर बिचारा कपाळ चोळत म्हणाला, "त्याचा बायोडेटा आपली जाहिरात समोर ठेवून लिहावा तसा होता."

घरी आले तेव्हा नवरा कोशिंबिरीसाठी काकड्या चोचवत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लायब्ररी, कागद, पांढरी जागा. "माझ्या तोंडून निघून गेलं रे," मी म्हणाले.

त्याने विळी आडवी केली. "लिहा म्हणाली, ते निघून गेलं असंल. शब्द कोणी सांगितले?"

"मी."

त्याने काकडी पातेल्यात लोटली. मग म्हणाला, "त्याला नोकरी लागली?"

"नाही. जागाच नव्हती ना. त्याला सांगितलं, तूर्त भरती थांबवलीय."

"मग कोणासाठी केलं तू हे? त्याला नोकरी नाही, तुला कार्ड नाही, मी आहे तिथंच." त्याचा आवाज चढला नव्हता आणि त्याचीच मला भीती वाटली. "चार वर्षं झाली, यार. एकदा माझ्याकडं बघून तरी विचारायचं होतं. मी त्याच रूममध्ये होतो न."

मी त्याच्याकडे बघितलं होतं. बघून मग सांगितलं होतं. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मला त्या घटकेला काय झालं होतं हे मी पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. ती तीन वर्षं पांढरी दिसली आणि मला ती तशी सोडवेनात, इतकंच कळतं. आणि ती सोडवली नाहीत ती कुणामुळे, खुर्च्या रचणाऱ्या माणसामुळेच की काय, असंही मला कधीकधी वाटतं. पण तेव्हा मला फक्त स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी देवापुढचं कात्रण नव्हतं. कुठे ठेवलंस म्हणून मी विचारलं नाही. आयुष्यात मी न विचारलेल्या थोड्या प्रश्नांपैकी तो एक.

पुढच्या शिकवणीला टोपीवाले काका आले, नेहमीसारखे. "त्यांना मी आवडलो होतो, मॅम," ते म्हणाले. "मग भरती थांबली. होतं असं." आणि मागच्या टेबलाशी जाऊन एका नव्या मुलीला शिकवायला बसले. माझ्या नवऱ्याने त्यांना कॉफी नेऊन दिली. तो यायचा बंद होईल असं मला वाटलं होतं, पण तो आला, आणि त्यांच्याशी पंपांबद्दल अर्धा तास बोलत बसला.

त्यानंतर मी आणखी कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. पण कुठेही गेले तरी जाहिराती, मुदती, सगळं पहिल्यापासून, आणि तेवढे महिने माझ्याकडे नव्हते. फेब्रुवारी आला आणि गेला. उरलेलं वर्ष मी लाल प्रश्नांची उत्तरं देत काढलं. तळ्याकाठच्या लोकांनी हळूहळू 'लेबर कुठवर आलं' विचारायचं सोडलं. खालच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "संकष्टी सोडलीस वाटतं मध्येच." मी हो म्हणून टाकलं.

२००७ च्या जानेवारीत मी राजीनामा दिला आणि मॅनेजरला म्हटलं, आता जागा खरंच रिकामी आहे, आणि लायक माणसाचा बायोडेटा तुमच्याच ड्रॉवरमध्ये आहे. टोपीवाले काका पुढच्याच सोमवारी रुजू झाले. चार दिवस मी त्यांना माझं काम सोपवत होते आणि सोपवण्यासारखं फारसं नव्हतंच, सगळं त्यांना येत होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या पेकानची मोठी पिशवी आणली. जेवणाच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांना आता ऑफिसातल्या लोकांकडून बरंच काही कळलेलं असणार.

"दीड वर्षापूर्वीची ती जाहिरात," ते म्हणाले, "ती ह्याच खुर्चीची होती का?"

"हो."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या डोक्यावर इतके कमी केस असतील असं मला वाटलं नव्हतं. "तेव्हा बोलला असतात तर मी तो कागद फाडला असता."

"म्हणून तर बोलले नाही," मी म्हणाले. मग आम्ही फोरम उघडला आणि त्या दिवसाचे लाल प्रश्न निम्मे निम्मे वाटून घेतले.

घरी आले तर दिवाणखान्यात खोक्यांच्या भिंती उभ्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत नवरा डायनिंग टेबलाशी बसला होता. अंगावर इस्त्रीचा शर्ट, घरातल्या घरात. पुण्याच्या एका कारखान्यात त्याची पुढच्या आठवड्यात मुलाखत ठरली होती, सहा वर्षांतली पहिली. समोर त्याचा बायोडेटा होता आणि त्याच्या शेजारी एक जुनं, पिवळं पडलेलं कात्रण, सरळ कापलेलं. मी पेकानची पिशवी खाली ठेवली.

"आलीस? बस इथं," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे फिरवला. पदवी, पंपांचा कारखाना, हाताखालची वीस माणसं, २००१. त्याखाली सगळं पांढरं.

"ह्या सहा वर्षांत काय लिहू?"

मी पेन घेतलं. शाळेची लायब्ररी, ड्रायर मशीनं, पाच घरांची पोरं, गोल पोळ्या, बाल्कनी. ह्यातलं काय कुठल्या शब्दांत लिहिलं तर एखादा साहेब मान डोलवील, ते मला काही केल्या सुचेना. त्याने कात्रण माझ्याकडे सरकवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच नव्हता, तो मदतच मागत होता.

"सांग न," तो म्हणाला. "त्याला तर लगेच सांगितलं होतं."